तुटायची पट्टी

उद्यमनगरात एकतीस वर्षं
मी न तुटणाऱ्या वस्तू केल्या.
ऑइल इंजिनाचे क्रँक, चरकाचे दाते,
ट्रॉलीचा हूक.
एखादा मोडून परत आला
की मालकाच्या आधी माझी मान खाली.

आता उजळाईवाडीच्या पल्याड, माळावर,
जाळीच्या पिंजऱ्यात बसतो.
जुन्या ट्रकचं इंजिन, त्याला दोन ढोल,
ढोलावर दोर, आणि हजार मीटरवर, गवतात,
दोराच्या टोकाला
पांढरं, बिनइंजिनाचं विमान.

दोर आणि विमान यांच्यामधे
बोटभर पट्टी. तपकिरी.
पहिल्याच दिवशी नेजदार सर म्हणाले,
"मुजावर, ही तुटायला पाहिजे."
मी म्हटलं, काय बोलताय सर.
"ठरलेल्या ओढीला. त्याआधी नाही,
त्यानंतर तर नाहीच. नाहीतर पंख तुटतील."
चरा दिसला की फेकायची. वेल्डिंग मारायचं नाही.
वेल्डिंगकडं हात आपोआप जातो माझा,
अजून जातो.

डाव्या हाताशी लाल दांडा:
पट्टी तुटली नाही, आकडा सुटला नाही,
तर कुऱ्हाड पडते, दोर कापला जातो.
एकदाही ओढलेला नाही.
रोज सकाळी तेल घालतो.

जानेवारीतली गोष्ट. कारखान्याचा धूर
सरळ उभा, म्हणजे वारा नाही.
मृणाल इंगवले, अकरावी उड्डाण.
मागच्या सीटवर सर, हात मांडीवर.
पंख सपाट. दिवा लुकलुकला, मग एकसारखा लागला.
मी थ्रॉटल दिला.

पोरगी घाईनं चढली.
मला खालनं विमानाचं पोटच दिसायला लागलं,
मी गॅस कमी करेपर्यंत
इंजिन एकदम हलकं झालं,
पाठीवरचं पोतं कुणी न सांगता काढून घ्यावं तसं.

आवाज आला नाही. इतक्या लांबनं येत नाही.
दोराची छत्री उघडली, कलंडली.
आणि विमान, नाक आभाळात खुपसून,
कशालाच न बांधलेलं.

तिथं हात सांगतो, दांडी ओढ, वर राहा.
हाताचं ऐकलं की संपलं.
वर राहायचं तर नाक खाली घालायचं,
जमीन दिसेपर्यंत, नकोशी वाटेपर्यंत,
आणि वेग येईस्तोवर थांबायचं.
वळायचं नाही.
निघालो तिथंच परत जावं, हा मोह
मोटारसायकलवर चालतो, तिथं नाही.

मी श्वास मोजत नव्हतो. ढोलाला ब्रेक मारला,
दोर कुठं पडतो ते बघितलं:
कुंपणाच्या आत. धनगराचं पोरगं बाहेर,
मेंढरं बाहेर.
वर बघितलं तर नाक खाली आलं होतं.

समोर, सरळ, गवतात टेकलं.
एक उडी, मग घसरत
माझ्यापासून तीनशे पावलांवर थांबलं,
एक पंख हळूच जमिनीला लावून.

ती चालत आली, पट्टीचा तुकडा घेऊन.
ओठ पांढरे. म्हणाली, "चाचा, तुटली."
मी तुकडा उजेडात धरला.
दाणेदार, स्वच्छ, चंदेरी तोंड.
जुनी भेग नाही, गंज नाही.
असा मोड मी आयुष्यात बघितला नव्हता,
म्हणजे बघितला होता,
पण मान खाली घालून.

सरांनी वहीत लिहिलं: पट्टी तुटली. बदलली.
जीप दोर ओढायला गेली.
मी डबीतनं दुसरी काढली,
बोट फिरवलं दोन्ही बाजूंनी.
चरा नव्हता.