कोमट

देवळाच्या तळघरात माझी खोली.
रविवारी इथे मुलांची शाळा भरते,
म्हणून खुर्च्या ठेंगण्या.
अब्राम वीबचे गुडघे छातीशी आलेत;
साठीचा, सहाफुटी शेतकरी
पाठांतर चुकलेल्या पोरासारखा बसलाय.
जस्टिना कोट काढत नाही.
बाहेर उणे बावीस. सस्कॅचेवानचा मार्च
कॅलेंडर मानत नाही.

पाळक म्हणाले होते, आधी प्रार्थना घे.
विनिपेगच्या माझ्या बाई म्हणायच्या, आधी गप्प बस.
वीस वर्षांत एवढंच कळलंय
की बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं:
मान खाली, हात मांडीवर,
आणि भट्टीचा पंखा घरघरतोय.

गोष्ट जमिनीची आहे.
जस्टिनाच्या बापाचा एकशे साठ एकरांचा तुकडा
अब्रामने विकला, तिला न विचारता.
कर्ज होतं, खरंय.
मग तो मंडळीसमोर उभा राहिला, रडला,
वडीलजनांनी खांद्यावर हात ठेवले,
नंतर कॉफी झाली.
"सगळ्यांनी माफ केलं," तो म्हणतो, "देवानेसुद्धा."
"हो," जस्टिना म्हणते,
"रांगेत मी शेवटची होते.
माझी पाळी यायच्या आत खिडकी बंद झाली."

मी कागद पुढे ओढते.
चौकोन म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बाई,
तुटलं तिथे दोन तिरप्या रेघा.
अब्रामचा बाप. त्याचा बाप,
दुष्काळानंतर युक्रेनातून आलेला,
एक पेटी आणि कुलूपबंद तोंड घेऊन.
"घरात भांडणं व्हायची?"
"छे. आम्ही शांततावादी."
जस्टिना पहिल्यांदा हसते.
"ह्याचे वडील सासूबाईंशी अकरा दिवस बोलले नव्हते.
मीठ हवं असलं की कुत्र्याला सांगायचे."
अब्राम कागद न्याहाळतो.
"शास्त्रातल्या वंशावळीसारखं दिसतंय."
"त्यात बायका पाचच," ती म्हणते.
"इथे गोल तरी पुष्कळ आहेत."

मी कुणाला तारत नाही. ते काम माझं नाही,
हे रोज सकाळी गाडीची काच खरवडताना
स्वतःला बजावते, आणि रोज दुपारी विसरते.

पुढच्या आठवड्यात पवित्र गुरुवार.
उघड्या कपाटात घमेली रचलीत,
एनॅमलची, कडेचे टवके उडालेली.
आमच्याकडे पुरुष पुरुषांचे पाय धुतात,
बायका बायकांचे, पडद्याच्या पल्याड.
अब्राम कपाटाकडे बघत राहतो.
"अडतीस वर्षं मी हाइनरिख टॉवसचे पाय धुतोय.
त्याच्या डाव्या अंगठ्याचं नख मला पाठ आहे."
मग बराच वेळ काही नाही.
"हिचे पाय..."

इथे मला पुष्कळ सुचलं असतं.
वचन आठवत होतं, तंत्रही आठवत होतं.
मी पेन खाली ठेवलं.

तो उठला. घमेलं नळाखाली धरलं.
नळ खोकला, आधी गंजाचं तांबूस,
मग स्वच्छ पाणी आलं.
जस्टिनाने बूट काढले नाहीत.
"गार असेल."
"तापवतो."
"आज नको."
त्याने घमेलं भट्टीपाशी ठेवलं
आणि तसाच उभा राहिला, बाह्या ओल्या.

"त्या तुकड्यात," ती म्हणाली,
"आईने लावलेली लायलॅकची रांग होती.
तीही विकलीस, माहीत आहे?"
माहीत नव्हतं.
"कुठल्या बाजूला?" त्याने विचारलं.
आणि ती सांगायला लागली,
हाताने हवेत कुंपण काढत,
विहीर इथे, वाट इथून,
कोटाचं वरचं बटण कधी सुटलं
तिचं तिलाही कळलं नाही.

वेळ संपून वीस मिनिटं झाली.
वर गायनवृंद एकाच ओळीवर अडखळत होता.

कोमट ते देवाला रुचत नाही,
असं ह्याच ठेंगण्या खुर्च्यांवर मी शिकले होते.
ते गेल्यावर घमेलं ओतायला उचललं,
बोट बुडवलं.
कोमट.
ओतलं नाही. पाळकांनी विचारलं
तर सांगेन, छत गळतंय.