केसभर

क्लीव्हलंड. सकाळचे पावणेसात.
सरोवरावरचा वारा ठाण्याच्या शटरला धडका देतोय
आणि ऑर्व्हिल पेटवे माझ्यामागे उभा,
आरशातून माझा गळा वाचतोय
नापास पोराचं प्रगतिपुस्तक वाचावं तसा.

"काल उलटा हात मारलास."
मारला. घोटीव व्हावी म्हणून.

आमचे केस सरळ वाढत नाहीत.
कापले की टोक येतं, टोक वळतं,
आणि जिने बाहेर काढलं त्याच कातडीत
मागच्या खिडकीने परत शिरतं
भाडं थकलेल्या भाडेकरूसारखं.
मग पुळी. मग पू. मग काळा डाग.
केसाने गळा कापणं म्हणतात ते
मी कॉलरखाली घेऊन फिरतो.

दाढी राखायची सोय नाही.
मास्क गालाला घट्ट बसला पाहिजे;
केसभर फट, आणि धुराला तेवढी पुरते.

पाच पात्यांचा माझा रेझर त्याने केव्हाच कचऱ्यात टाकलाय.
"तो आधी ओढतो, मग कापतो. एकच पातं घे."
गरम टॉवेल. थांब. अजून थांब.
ब्रशने फेस, गोल गोल,
झोपलेले केस उठून बसेपर्यंत.
कातडी ताणायची नाही. दाबायचं तर नाहीच.
"डोळे मीट. बोट फिरव. कल कुठे आहे, सांग."
गालावर खाली. जबड्यापाशी तिरका.
आणि गळ्याच्या डाव्या बाजूला एक भोवरा,
कानाकडे वळलेला.
चोवीस वर्षं या तोंडाने जेवलो,
मला पत्ता नव्हता.

उजवा गाल झाला, आणि घंटा वाजली.

अर्ध्या दाढीच्या माणसाला आत सोडत नाहीत.
मी पंपापाशी, दाबाच्या काट्यावर नजर,
डाव्या गालावर फेस वाळून तडकतोय.
फुटपाथवरची एक बाई मला बघून हसली,
मग हसता हसता रडायलाच लागली.
वरच्या खिडकीतून काळं काहीतरी सांडत होतं.
मी काटा बघत होतो. काटा. काटा.

पेटवे जिन्याने उतरला,
खांद्यावर बनियनमधला एक म्हातारा,
केसालाही धक्का न लागलेला,
खोकत, शिव्या देत,
कवळी आत राहिली म्हणून.

पेटवेने मास्क काढला.
पंचावन्न वर्षांच्या चेहऱ्यावर रबराची गोल खूण,
आणि त्या गोलात एकही पुळी नाही.

परतलो तेव्हा बेसिनमधलं पाणी गार झालेलं.
मी घाईघाईने रेझर उचलला.
त्याने मनगट धरलं. हाताला जळक्या गादीचा वास.
"पहिल्यापासून. टॉवेल गरम कर."

"आणि उजवीकडे थोडं खरखरीत राहिलंय?"

"मास्क बसतोय ना? मग राहू दे.
उद्यापर्यंत तिकडे हात लावायचा नाही."