छेदस्थानी

बेसोच्या धक्क्यावर जहाज लागलं की
त्याच्या पोटातलं सगळं मी कागदावर उतरवतो.
तांदूळ, साखर, डिझेल.
डब्यातलं मांस. डब्यातला मासासुद्धा,
आमच्याच समुद्रातून कुणीतरी नेलेला,
कुठेतरी शिजून, तेलात बुडून, झाकण लावून परत आलेला.
खिळे. शवपेटीचं प्लायवूड.
एकदा बारा पोती वाळू आली, कसल्याशा गाळणीसाठी.
हमाल वाळूतच उभे राहून हसले.
मी लिहिलं: वाळू, बारा.

वर्षाअखेर बेरीज होते
आणि बेरजेखाली मी रेघ ओढतो,
सरळ, फूटपट्टीने,
कचेरीच्या खिडकीतून समुद्र दिसतो तशी.
रेघेच्या वर, बाहेरून आलेलं.
रेघेच्या खाली, आम्ही.
वरचा अंश, खालचा छेद, मास्तर सांगायचे.
अंश वाढत वाढत छेदाच्या डोक्यावरून गेला
की त्या अपूर्णांकाला वेगळं नाव असायचं,
अंशाधिक.
घाबरू नका, म्हणायचे, यालाही उत्तर असतं.

मार्चमध्ये जहाज आलंच नाही.
दुकानात घरटी एक पोतं, मग घरटी अर्धं,
मग दुकानदारीण कातारिना दारात बसून
उधारीच्या वहीने वारा घ्यायला लागली.

नेई तेरेआ, माझी मावशी,
त्या महिन्यात कंबरभर चिखलात उतरली.
तिच्या आईचा बाबाईचा खड्डा,
दहा वर्षांत कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं त्यात.
हातांनीच चाचपत तिने एक कंद उपसला,
तान्ह्या पोराएवढा जड,
आणि पोरासारखाच कडेवर घेऊन वर आली.
तिचा धाकटा पहाटे माडावर चढायचा,
पोय छाटता छाटता मोठ्याने गायचा,
म्हणजे खाली झोपलेल्यांना कळावं, वर माणूस आहे.
मग नीरेची बाटली दोरीने खाली यायची.
सत्तावीस माणसं जेवलो आम्ही, रोज.

मी यातलं काही लिहून घेतलं नाही.
फॉर्मवर खड्ड्याला रकाना नाही.
घरचं पिकवलं-खाल्लेलं अंदाजाने धरायचं असतं,
एकच आकडा,
गेल्या वर्षीच्या कागदावरून उतरवलेला.

जूनमध्ये सुवाहून सल्लागार बाई आल्या.
मार्चच्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं.
"छान! आयातीचा वाटा एकदम घटलाय.
काय केलंत तुम्ही?"
तावीता साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.
मी म्हणालो, "वाट पाहिली."
त्यांना ते धोरण वाटलं असावं.
त्यांनी टिपून घेतलं.

पण ते पुढचं.
एप्रिलच्या तेरा तारखेला जहाज दिसलं तेव्हा
रांगेत सगळ्यांत पुढे मावशीच होती,
तोंडाला पावडर, कानात फूल,
लग्नाला निघाल्यासारखी.
तांदळाचं पोतं खांद्यावर घेताना मला म्हणाली,
"बाबाईची थोरवी मला सांगू नकोस.
माझी कंबर अजून खड्ड्यातच आहे."
मी काही सांगणार नव्हतो. तरीही गप्प बसलो.

दोन दिवसांनी परतीचा कागद भरला.
खोबरं, थोडं.
कंटेनर, बेचाळीस. आत: काही नाही.
खलाशांच्या यादीत मावशीचा थोरला.
तो माझ्या कागदात बसत नाही,
माणसांचा फॉर्म वेगळा, साहेबही वेगळे.
त्याने पाठवलेले पैसे येतात
तेव्हा ते पोत्याच्या रूपाने मला भेटतात,
वरच्या रकान्यात.

रिकामं जहाज पाण्यावर उंच उठतं.
पोटाखालचा लाल रंग उघडा पडतो,
येताना तो बुडालेला असतो, कुणाला दिसत नाही.
थोरल्याने वरून हात केला की
नुसता दोर गुंडाळत होता, कळलं नाही.
मीही हात वर केला,
त्यात पेन होतं,
टोपण नव्हतं.