मानशीपर्यंत

पस्तीस वर्षं फेरीबोटीवर
दोरखंड टाकला, दोरखंड सोडला.
माझ्या हिशेबानं नदी ओलांडली दोन लाख वेळा
आणि दर वेळी उभ्यानंच.
म्हणून डॉक्टरीणबाई साखरेचा कागद बघत म्हणाल्या,
"चाला. जमलं तर धावा,"
तेव्हा माझे दोन पाय एकमेकांकडे बघत राहिले
परक्या लग्नात शेजारी बसवलेल्या पाहुण्यांसारखे.

एर्मेलिंदा नुकतीच स्विंडनला गेली होती,
झुलेमाच्या बाळंतपणाला, सहा महिने.
जाताना फ्रिजवर तीन कागद चिकटवले:
बांगड्याची कढी.
पेज.
तिसऱ्यावर फक्त, "तेर्स रोज. झोप आली तरी."

बूट म्हापशाला घेतले, शुक्रवारच्या बाजारात.
नारिंगी.
माझ्या मापात तोच रंग उरला होता.

दिवाडीचा बांध. एका हाताला खाजन, दुसऱ्या हाताला मांडवी.
पांढऱ्या खुरसापासून मानशीच्या दारापर्यंत
किती मीटर, ठाऊक नाही.
मी मण्यांनी मोजतो.
पहिल्या दिवशी तिसऱ्या मण्यावर
नमान मारिये, कुर्पेन
आणि श्वास संपला.
मारियेला अर्ध्या वाक्यात तशीच सोडून
मी गुडघ्यांवर हात टेकले.
चिखलातला बगळा एका पायावर उभा होता.
फेरीवर चांगला खलाशी झाला असता.

कन्फेशनला पाद्री लिव्हियोंना सांगितलं,
फादर, मी अर्ध्या चड्डीत प्रार्थना करतो
आणि आमेनपर्यंत पोचत नाही.
जाळीपलीकडे बराच वेळ काही नाही.
मग आवाज आला,
"बूट केवढ्याला पडले?"

कढी शिकलो तीही अशीच, धापा टाकत.
तिचा आवाज फोनवर, साडेपाच तास मागून:
"मीठ बोटांनी घाल, चमच्याला काय कळतंय.
खोबरं परत वाट. मला इथवर खरखर ऐकू येते."
पहिली कढी फुटली.
दुसरी मांजरानं हुंगली, आणि ते सरळ
आपोलिनारियाबाईंकडे जेवायला गेलं.
तिसरी मी खाल्ली,
जेवणाआधीची प्रार्थना जरा लांबवून.
पेज मात्र पहिल्यापासून जमली.
उकडे तांदूळ माफ करणारे असतात.
धावून आल्यावर वाडगाभर, सोबत बोटभर
सुक्या बांगड्याचा पारा,
आणि घामाचं मीठ ओठांवर आधीच.

उपासाच्या चाळीस दिवसांत मांस सोडलं, फेणी सोडली.
मानस काही आली नाही.
सातवा मणी. सातवा. पुन्हा सातवा.
एकदा आठवा, पण तेव्हा मागे कुत्रा होता.

मग ईस्टरनंतरचा कुठलासा मंगळवार.
सकाळी पोटात दुखत होतं म्हणून संध्याकाळी निघालो.
चौथ्या मण्यावर आठवलं:
कढीखालचा गॅस.
बंद केला? केला असेल. केला का?
भांडं डोळ्यांपुढे आलं, मग पडदा, मग छप्पर,
मग एर्मेलिंदाचा चेहरा.
या विचारात मण्यांचा हिशेब सुटला
आणि पाय थांबले तेव्हा हात
मानशीच्या ओल्या लाकडावर होता.
दाराखालून भरतीचं पाणी आत शिरत होतं.

तसाच मागे फिरलो.
टेकडीवरच्या इगर्जीची आंजेलूची घंटा झाली.
जन्मभर या घंटेला मी थांबलोय,
भर नदीत टोपी काढून, दोरखंड पायाखाली दाबून.
आज थांबलो नाही.
घंटा वाजत राहिली
आणि मी नारिंगी बुटांत तिच्यातून धावत राहिलो,
टोपी मात्र काढून हातात.

गॅस बंद होता.
कढी निवलेली, वर तेलाचा लाल तवंग.
ओट्याशी उभा राहिलो, धापा टाकत,
आणि सकाळपासून राहिलेली सगळी आमेन
एकदम म्हणून टाकली.

ताटाचा फोटो पाठवला, खाली लिहिलं, मानशीपर्यंत गेलो.
थोड्या वेळानं उत्तर आलं:
"सोलं दिसत नाहीत. घातलीस ना?"

नव्हती घातली.