शिक्का

लाइपझिगच्या त्या जिममध्ये माझं काम एवढंच:
येणाऱ्याला हसून आत घ्यायचं,
जाणाऱ्याला हसून अडवायचं.

त्स्विर्नर आजोबा पहिल्यांदा आले ते ऑक्टोबरात,
ओला कोट हातावर.
"हे बंद करायचंय. गुडघे."
मी म्हणाले, लेखी द्यावं लागेल.
दुसऱ्या दिवशी लेखी आणलं, वहीचं पान,
अक्षर रुळांवरून चालल्यासारखं सरळ.
मी म्हणाले, इथे नाही,
मुख्य कार्यालयात, रजिस्टर्ड टपालानं.
पान काउंटरवरच राहिलं. मी ते खणात सारलं.

तिसऱ्यांदा आले तेव्हा पाकिटात
पेन्शनच्या कार्डामागे टपालाची पावती होती,
आणि माझ्या पडद्यावर उत्तर:
पत्र चार दिवस उशिरा पोचलं.
करार आपोआप पुढे, आणखी एक वर्ष.

"आपोआप?"
त्यांनी शब्द तोंडात फिरवून पाहिला.
"एकतीस वर्षं ट्राम चालवली मी, पोरी.
आपोआप पुढे गेलेलं काही पाहिलं नाही.
उतारावरसुद्धा कुणालातरी ब्रेक सोडावा लागतो."

यावर काय बोलायचं ते माझ्याकडे छापील होतं,
ओळ सातवी: तुमची निराशा मी समजू शकते.
मी वाचून दाखवली.
मी तेवीस वर्षांची होते,
माझे गुडघे अजून माझ्या बाजूनं होते.

मग डॉक्टरीणबाईंचा दाखला झाला.
कंपनीला हवं होतं: व्यायाम कायमचा अशक्य.
बाईंनी प्रामाणिकपणे लिहिलं: हलका चालेल.

तर ते हलका करायला येऊ लागले.
पैसे जातातच, निदान हीटर तरी इथला वापरू.
खिडकीजवळच्या सायकलवर बसायचे,
कोट घालून, पाय पेडलवर, पेडल जागच्या जागी.
खाली अकरा नंबरची ट्राम वळायची
तेव्हा ओठातल्या ओठात पुढचा थांबा म्हणायचे,
आणि दोन बोटं कपाळाशी न्यायचे.
ट्रामवाले एकमेकांना तसं करतात म्हणे.
कधीमधी खालूनही दोन बोटं वर यायची.
त्या दिवशी ते पेडल अर्धा फेरा मारायचे.

आमचा मॅनेजर टॉर्बेन म्हणाला,
बघ, आपण त्याला चालतं-बोलतं केलं.
भिंतीवर लावू या का याचा फोटो?

मार्चमध्ये खण आवरताना ते पान सापडलं.
वर त्यांच्या हातची तारीख.
मुदतीच्या तीन दिवस आधीची.
म्हणजे त्यांनी कळवलं होतं. वेळेत. मला.

टॉर्बेन प्रोटीनच्या डब्यांची मोजदाद करत होता.
मी शिक्क्याची रबरी चाकं नखानं मागे ढकलली,
मार्च, फेब्रुवारी, जानेवारी,
ऑक्टोबरला नख मोडलं.
"शाखेत मिळाले."
तारीख खरीच होती.
उशीर तेवढा माझा.

चाकं पुन्हा पुढे आणायला विसरले.
त्या संध्याकाळी तिघंजण नवे सभासद झाले,
गेल्या शरद ऋतूपासून.
त्यावरून पुढे पुष्कळ झालं, माझी नोकरी धरून,
पण ते नंतर.

त्यांना पत्र गेलं: करार संपुष्टात.
वाटलं, येतील, काहीतरी म्हणतील,
निदान कपाटातली चप्पल न्यायला.
आले नाहीत.
कशाला येतील?
जायचंच तर होतं त्यांना.

शुक्रवारी मी सायकलचं हॅंडल पुसत होते,
कुणी न धरलेलं, तरी नियम म्हणून.
खाली अकरा नंबर वळली.
चालवणारी बाई होती, जाड चष्मा,
तिनं वर खिडकीकडे पाहून दोन बोटं उचलली.

मला फडकं कुठे ठेवावं कळेना.
हात वर केला तोवर
ट्रामचा मागचा डबा दिसत होता,
त्यात खिडकीशी शाळेची पोरं,
त्यातल्या एकानं मला जीभ दाखवली.