जरा जून

कोपऱ्यावरच्या खांबाला पुठ्ठा बांधलेला:
शुक्रवार, शनिवार. आत या. सगळं विकायचंय.
'सगळं'च्या खाली दोन रेघा.

मला आयोवातल्या या गावात येऊन चार महिने झालेत.
लोकसंख्या वेशीवरच्या पाटीवर लिहिलेली, दोन हजार एकशे सहा.
त्यातली मी कितवी, की मोजलेलीच नाही?
समोरून गाडी आली की चालवणारा
स्टिअरिंगवरून एक बोट उचलतो, एकच,
आणि मी अख्खा हात हलवते
बुडत असल्यासारखा.

दार उघडंच होतं.
चपला काढू की नको यात एक मिनिट गेला.
आत गालिच्यावर चिखलाचे बूट, आणि माणसं
गेलेल्या बाईची कपाटं उघडतायत,
गादी दाबून बघतायत,
बशी उलटी करून बुडाचा शिक्का वाचतायत.
आवाज मात्र देवळाच्या गाभाऱ्यातले.

प्रत्येक वस्तूवर गोल चिठ्ठी.
चष्म्याची घरं तीन, पन्नास सेंट.
भेटींवरून सोडवलेल्या, इस्त्री करून गुंडाळलेल्या रिबिनी, एक डॉलर.
काठी, दोन.
काठीचं रबरी टोक डावीकडून झिजलेलं.
म्हणजे कशी चालत असेल, ते मी
परक्या बाईच्या बैठकीत उभी राहून
थोडं चालून पाहिलं.

आमच्याकडे गादी टाकून देतात.
पातळं कुणाला जायची ते ठरलेलं असतं,
घेणारी नेसताना नाव काढते,
भावाचं कुणी बोलत नाही.
पाटल्यांवरून मात्र दहाव्याच्या आतच जुंपते.
तेव्हा मी तोंड वर करून बोलावं, असं काही नाही.

स्वयंपाकघरात घडीच्या टेबलापाशी मुलगा,
साठीचा, पुढ्यात पत्र्याची पेटी.
कशी आहेस, म्हणाला.
याचं उत्तर द्यायचं नसतं, हे मला कळायला अजून वेळ होता.
म्हटलं, झोप नाही झाली, रात्रपाळी असते.
त्यानं पहिल्यांदा मान वर केली.
आईपण जागायची, म्हणाला,
रेडिओ लावून. हवामान ऐकत.
कुठे जायचं असायचं तिला, कोण जाणे.
मग मागच्या माणसाला: टोस्टर? तीन.

तळघरात फ्रीझर. शंभर.
दोघं जण त्याची लांबी मोजत होते,
पिकअपमध्ये मावेल का, एवढाच प्रश्न.
मी झाकण उचललं.
मक्याचे दाणे. पिशव्या सपाट करून
वह्यांसारख्या उभ्या लावलेल्या,
प्रत्येकीवर तिरपं, बारीक अक्षर.
ऑगस्ट नऊ. गोड.
ऑगस्ट बारा. गोड, कणसं लहान.
ऑगस्ट अठरा. व्हर्लिन येतो म्हणालाय.
त्या तारखेच्या पिशव्या सात.

मी त्यांच्यामागची एक काढली. ऑगस्ट सव्वीस.
इंग्रजीतच लिहिलेलं होतं,
पण माझ्या मनात मराठीच उमटलं: जरा जून.
ऑगस्टातला जून, म्हणून हसू आलं,
आणि ते कुणाला सांगणार?

टेबलावर ठेवली. बर्फाचं पाणी
त्याच्या हिशेबाच्या कागदावर ओघळलं.
त्यानं चिठ्ठी शोधली, पिशवी उलटी केली, पुन्हा सुलटी,
अक्षराशी थांबला.
हे, म्हणाला, हे विकायला नाहीये.
मग म्हणाला, म्हणजे, घेऊन जा.
खाली अजून आहेत का?
आहेत, म्हटलं.
किती?
बघा तुम्हीच, म्हटलं. मोजणारे उचलायच्या आत.
पेटी तशीच उघडी टाकून तो उठला,
आणि रांगेतलं कुणी काही बोललं नाही.

घरी मोहरी, हिंग, एक मिरची.
ताट घेऊन बसले तेव्हा आठवलं,
बाईचं नाव विचारायचं राहिलं.
पुठ्ठ्यावरही नव्हतं.
बराच वेळ चावत होते.
जून होता.
तिनं बरोबर लिहिलं होतं.