पठार

पहाटे साडेपाचला मी टाकीचं झाकण उघडते.
पितळी दांडी, तिच्यावर रेघा,
टोकाला पिवळी पेस्ट, पाण्याला लागली की लाल होते.
दांडी सरळ सोडायची. तळाला टेकली की हाताला कळतं,
खालून कुणी हलकेच दार वाजवावं तसं.
वर काढली की लगेच वाचायचं.
पेट्रोलची ओल कुणासाठी थांबत नाही,
चष्मा पुसेपर्यंत उडून जाते.
एकशे बारा पूर्णांक चार. लिहिलं.
उदगीर-देगलूर रस्ता, पंप बावीस वर्षांचा,
त्यातली नऊ माझी.

मंगळवारी लातूरच्या हॉटेलात कंपनीची सभा होती.
मन्मथअप्पा म्हणाले, तूबी चल, आकडे तुला कळतेत.
थंडगार हॉल, पनीर, गळ्यात दोरीची ओळखपत्रं,
आणि पडद्यावर सन दोन हजार पन्नास.
साहेबाच्या हातातला लाल ठिपका
जगाच्या मागणीवरून चढत गेला,
मग रेघ सपाट झाली
आणि तिथून तिला तीन वाटा फुटल्या.
एक जरा वर. एक तशीच आडवी.
एक खाली उतरत गेलेली,
तुटक तुटक, टाके उसवल्यासारखी.
साहेब म्हणाला, ह्याला पठार म्हणतात.

पठार आम्हाला कुणी सांगावं?
बालाघाटावर जन्म गेला.
पठारावर असताना कडा दिसत नाही.
उतार लागला हे ड्रायव्हरला कळतं
गाडी आपोआप पळायला लागल्यावर.

किनवटच्या डीलरनं हात वर केला,
साहेब, ह्यात पाऊस कुठंय?
सगळे हसले.
हा जगाचा अंदाज आहे, साहेब म्हणाला.

माझा अंदाज रजिस्टरच्या मागच्या पानावर असतो, पेन्सिलीनं.
सोयाबीन निघालं की मळणीयंत्रं रात्री दोनला येतात, डिझेल दुप्पट.
कारखाना पेटला की ट्रॅक्टरची रांग पार दर्ग्यापर्यंत.
लग्नतिथी दाट असल्या की पोरं शंभराच्या जागी पाचशेचं भरतात
आणि माझ्यासमोरच आरशात भांग पाडतात.
दुष्काळात वाटतं, खप पडेल.
पडत नाही.
पाण्याचे टँकर दिवसाला सात खेपा करतात,
डिझेल पितात, पाणी वाहतात.
त्या साली आमचा पंप तालुक्यात पहिला आला.
अप्पांना मिळालेली ढाल
कपाटात आहे, भिंतीकडं तोंड करून.

जब्बार रोज येतो. पूर्वी त्याची डिझेलची काळीपिवळी होती,
दिवसाला तीनशेचं गिऱ्हाईक.
आता ई-रिक्षा. घरी बल्बाशेजारी चार्ज करतो
आणि आमच्याकडं फक्त हवा भरून जातो.
हवा मोफत, ही पाटी आमचीच.
"काय बाई, रागावलाव का?"
मी नळी त्याच्या हातात देते.
कंपनीच्या पुस्तिकेत मी जब्बारला शोधलं.
तुटक रेघेच्या दोन टाक्यांमध्ये
जी मोकळी जागा सुटते, तिथं असावा.

पंपामागं तिसऱ्या टाकीचा खड्डा तयार आहे, वीस हजार लिटरचा.
आधी मुरूम लागला, मग काळा पाषाण.
जेसीबी नऊ दिवस इथलंच डिझेल प्याला.
सभेवरून आल्यापासून अप्पा
संध्याकाळी काठावर उभे राहतात.
"टाकी पंचवीस वर्षं टिकते म्हणतेत."
खडा टाकला, आवाज ऐकला.
"तुला काय वाटायलंय?"

मी म्हटलं, अप्पा, मला उद्याचं विचारा.
उद्या देगलूरकडं दोन लग्नं आहेत,
टाकीत अर्ध्याहून थोडं जास्त आहे.
रब्बानी पाकणीहून पहाटे भरून निघाला
तर आपल्याला पुरतं.
"आन् पन्नास साली?"

पन्नास साली इथं कुणी झाकण उघडेल
किंवा बोरी उगवलेल्या असतील त्यावर.
उघडलंच, तर सांगून ठेवा,
दांडी सरळ सोडा
आणि वर काढल्याबरोबर वाचा.

अप्पा काही बोलले नाहीत.
पुढं हॉर्न वाजला.
जब्बारचं मागचं चाक
परत बसलं होतं.